फ्युएल पंप काढून कार्ब्युरेटरला थेट टाकीतून पेट्रोल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंप काढून चालतं का? एका वाक्यात सांगा.

टाकीचा तळ कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाच्या) पुरेसा वर असेल आणि मधली वाट मोकळी असेल तर चालतं, नाहीतर नाही. ‘अमक्याच्या गाडीला चाललं’ हे उत्तर धरून कोणीही नळी कापू नये. त्याच मॉडेलची दुसरी टाकी, दुसरा कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) किंवा दुसरा फिल्टर असला की निकाल बदलतो. आपल्या गाडीवर, आपल्या टाकीतून, पेट्रोल मोजूनच ठरवायचं. मोजायचं कसं ते पुढे सविस्तर दिलं आहे.

माझ्याकडे स्प्लेंडर / बुलेट / आरएक्स १०० आहे. मला हे करावं लागेल का?

नाही. या गाड्यांच्या कार्ब्युरेटरच्या मॉडेलना मुळातच पंप नाही. टाकीखाली कॉक, कॉकला नळी आणि नळी थेट कार्ब्युरेटरला. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या कार्ब्युरेटरच्या मोटरसायकली अशाच आहेत.

हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्याकडे बहुतेक जुनी जपानी क्रूझर किंवा स्पोर्ट्स बाइक असते : यामाहा व्हिरागो एक्सव्ही ५३५, होंडा शॅडो व्हीटी ११००, नव्वदच्या दशकातली सीबीआर ६०० अशा गाड्या. भारतात त्या थोड्याच आहेत. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणारी आपली मंडळी मात्र जुनी व्हिरागो किंवा शॅडो हौसेने घेतात, आणि काही दिवसांत पंप टकटक करायचा थांबतो. शिवाय जुनी गाडी उतरवून बॉबर किंवा कॅफे रेसर धाटणीची बनवताना सीटखालची टाकी काढून टाकणारेही इथेच येऊन पोचतात.

कंपनीने पंप बसवला तो उगाच का?

उगाच नाही. व्हिरागो ५३५ मध्ये पेट्रोलची मुख्य टाकी सीटखाली आहे. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये वर, नेहमीच्या जागी, जी टाकी दिसते ती नुसतं आवरण होती. नंतरच्या मॉडेलमध्ये वरही खरी टाकी आली आणि ती खालच्या टाकीला जोडली गेली. सीटखालचं पेट्रोल आपोआप चढून कार्ब्युरेटरपर्यंत जाणार नाही, म्हणून पंप. स्पोर्ट्स बाइकमध्ये कारण वेगळं : तिथे कार्ब्युरेटर उंच बसवलेले असतात आणि टाकी दोन्ही बाजूंनी खाली उतरलेली असते. टाकी अर्धी झाली की पेट्रोलची पातळी कार्ब्युरेटरच्या बरोबरीला येते.

त्यामुळे पहिला निर्णय इथेच होतो. सीटखालची टाकी ठेवायची असेल तर पंपाशिवाय पर्याय नाही. ती काढून फक्त वरच्या टाकीवर गाडी चालवायची असेल तरच पुढचं वाचा. पेट्रोल कमी मावेल, हेही आधीच मान्य करून टाका.

दाब कमी पडणार नाही का? पंपाचा दाब तर कितीतरी जास्त असतो.

दाब कमीच असतो. पेट्रोलचा १० सेंटीमीटर उंच स्तंभ जेमतेम ०.१ पीएसआय (दाबाचं एकक) दाब देतो. २० सेंटीमीटरला ०.२. कार्ब्युरेटरच्या गाडीचा पंप साधारण दोन-तीन पीएसआय देतो. दोन पीएसआय नुसत्या उंचीतून मिळवायचा म्हटलं तर टाकी कार्ब्युरेटरच्या जवळजवळ दोन मीटर वर टांगावी लागेल.

पण कार्ब्युरेटरला दाब लागत नाही. त्याला फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची छोटी वाटी, भरलेला राहण्यापुरतं पेट्रोल हवं असतं, बस. जेटमधून, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बारीक भोकातून, पेट्रोल वर ओढलं जातं ते हवेच्या वेगामुळे, पंपाच्या जोरामुळे नाही. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तळमजल्याच्या नळाला जोरात येतं आणि सगळ्यात वरच्या मजल्याला बारीक, तरी बादली भरतेच. फक्त वाटेत कुठे गंज किंवा कचरा नको. इथेही तसंच. दाब इतका कमी असतो की वाटेतला प्रत्येक अडथळा जाणवतो. पंप असताना अर्धवट तुंबलेला फिल्टर, दबलेली नळी, बंद पडत आलेलं झाकणाचं भोक हे सगळं झाकलं जायचं. पंप गेला की ते सगळं उघडं पडतं, आणि दोष मात्र या बदलाला दिला जातो.

गाडीला मिनिटाला किती पेट्रोल लागतं?

याचा हिशेब घरीच होतो. गाडी १०० च्या वेगात लिटरला २० किलोमीटर देत असेल तर तासाला पाच लिटर, म्हणजे मिनिटाला ८५ मिली. पूर्ण पिळून चालवली तर ४५ हॉर्सपॉवरच्या आसपासचं इंजिन मिनिटाला दोनशे-अडीचशे मिलीपर्यंत पिऊ शकतं. म्हणून अशा इंजिनसाठी नळीच्या मोकळ्या टोकातून मिनिटाला किमान अर्धा लिटर पडावं, असा नियम मी धरतो. आणि तेही टाकी रिझर्व्हला आलेली असताना. टाकी काठोकाठ भरून घेतलेली चाचणी मला चालत नाही. तेव्हा कोणतीही गाडी पास होते.

मोजायचं कसं? नीट क्रमाने सांगा.

उघड्यावर, गाडी थंड असताना. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. आजूबाजूला देवघर, गॅस, विडी-सिगारेट काही नको. पावडरचा अग्निशामक हाताशी असू द्या. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकायचं नसतं. पेट्रोल धरायला धातूचं मापाचं भांडं किंवा पेट्रोलसाठीच बनवलेला कॅन घ्या. प्लॅस्टिकचा ग्लास किंवा पातळ बाटली नको.

टाकीत दीड-दोन लिटरच ठेवा आणि गाडी सरळ उभी करा. कार्ब्युरेटरकडची नळी सोडवा आणि तिचं टोक कार्ब्युरेटरच्या तोटीच्याच उंचीवर धरा. हे महत्त्वाचं आहे. टोक खाली जमिनीजवळ धरलं तर उंची फुकटची वाढते आणि आकडा खोटा येतो. कॉक उघडा, घड्याळ लावून एक मिनिट धार धरा, मोजा. टाकीचं झाकण घट्ट लावूनच हे करा. मग हीच चाचणी झाकण उघडं ठेवून करा. दोन्ही आकड्यांत फरक आला तर झाकणातलं हवेचं भोक तुंबलेलं आहे, दुसरं काही शोधू नका.

आता दुसरी चाचणी, जी बहुतेक लोक करत नाहीत आणि नंतर पस्तावतात. नळी परत जोडा. फ्लोट चेंबरच्या खालच्या ड्रेन स्क्रूला बारीक नळी लावून ती भांड्यात सोडा आणि स्क्रू उघडा. पहिली धार चेंबरमध्ये साठलेल्या पेट्रोलची असते, ती सोडून द्या. त्यानंतर येणारी धार नीडलच्या सीटमधून येते (नीडल म्हणजे चेंबर भरला की पेट्रोल अडवणारी सुई, सीट म्हणजे ती जिथे टेकते ते भोक) आणि खरी परीक्षा तिची. दोन्ही कार्ब्युरेटरचे ड्रेन एकाच वेळी उघडून दोन-तीन मिनिटं बघा. ड्रेनचं भोक स्वतःच बारीक असल्याने इथे अर्धा लिटर मागू नका. पण दोघांची मिळून मिनिटाला १७० मिलीच्या वर, सलग धार हवी. वर काढलेल्या ८५ मिलीच्या ती दुप्पट होते. धार हळूहळू बारीक होत थेंबांवर आली तर गाडी गावात छान चालेल आणि हायवेवर दगा देईल.

हायवेवर दगा म्हणजे नक्की काय होतं?

रिझर्व्ह लागल्यासारखं. गाडी ८०-९० ला मस्त चाललेली असते, मग थ्रॉटल देऊनही ओढत नाही, मिसिंग करते, बंद पडते. बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू होते, कारण तेवढ्या वेळात चेंबर भरतो. मेकॅनिक प्लग बदलतो, कॉइल बदलतो, जेट साफ करतो. गॅरेजमध्ये गाडी आयडलला उत्तमच असते, त्यामुळे दोष सापडत नाही. खंबाटकीसारख्या लांब चढावर हे लवकर दिसतं, कारण थ्रॉटल सतत उघडा असतो आणि गाडी मागे झुकल्याने टाकीतलं पेट्रोलही सरकतं. कॉक टाकीच्या पुढच्या भागात असेल तर चढावर रिझर्व्ह आधीच लागल्यासारखं होतं.

नळी किती जाड घ्यावी?

शक्य असेल तिथे आतून ८ मिलिमीटर. सहा आणि आठमध्ये फरक दिसायला दोन मिलिमीटरचा, पण अशा मंद प्रवाहात वाहून नेण्याची क्षमता व्यासाच्या चौथ्या घाताने बदलते, म्हणजे ८ ची नळी ६ च्या तिप्पट पेट्रोल सोडते. कॉकची किंवा कार्ब्युरेटरची तोटी सहाची असेल तर त्यावर आठची नळी क्लॅम्पने आवळू नका, ती गळेल. तेवढ्यापुरती सहाचीच ठेवा आणि लांबी कमीत कमी ठेवा.

नळी कॉकपासून कार्ब्युरेटरपर्यंत सतत उतरती हवी. मध्ये कुठे वर जाऊन खाली आली की त्या वाकणात हवा अडकते. पंप ती हवा ढकलून द्यायचा. नुसत्या उंचीला ते जमत नाही. इंजिनच्या सिलिंडरजवळून नळी गेली तर उकाड्यात पेट्रोलची वाफ होऊन तोच प्रकार होतो. दोन सिलिंडरच्या मधल्या जागेतून नळी नेण्याचा मोह होतो, कारण जवळची वाट तीच असते. तिथून न्यायचीच असेल तर फिनपासून लांब ठेवा आणि वरून उष्णतारोधक आवरण चढवा.

आणखी एक : भारतातल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराची किंवा दुकानात मीटरवर मिळणारी स्वस्त पारदर्शक नळी त्यात कडक होते किंवा फुगते. इथेनॉल चालेल असं लिहिलेली, फ्युएल इंजेक्शन दर्जाची नळीच घ्या. चार पैसे जास्त जातील, जाऊ द्या.

फिल्टर लावायचा की नाही?

टाकीत कॉकच्या वर जाळी असेल आणि टाकी आतून स्वच्छ असेल तर मी वेगळा फिल्टर लावत नाही. टाकी गंजलेली असेल तर आधी गंज काढा; फिल्टर हा गंजावरचा उपाय नव्हे. लावायचाच असेल तर जाळीचा घ्या. कागदाचे छोटे फिल्टर पंपाच्या दाबासाठी बनवलेले असतात, आणि अनेकदा फक्त तो एक फिल्टर काढल्याने ‘न चालणारी’ गाडी चालू झालेली दिसते.

जुना बंद पंप तसाच मध्ये ठेवला तर?

नको. पंपाच्या आत एका दिशेने उघडणारे झडप असतात. त्यातून पेट्रोल झिरपतं, वाहत नाही. रस्त्यात पंप मेला आणि घरापर्यंत हळूहळू जायचं असेल तर तेवढ्यापुरतं जमूही शकतं, त्यावर कायम भरवसा ठेवू नका.

टाकी दोन्ही बाजूंनी फ्रेमवर बसते. एका बाजूचं पेट्रोल अडकतं का?

अडकतं. फ्रेमची मधली नळी जिथे टाकीला दुभागते त्याच्या खालचं, कॉक नसलेल्या बाजूचं पेट्रोल तिकडेच राहतं. दोन्ही बाजूंना जोडणारी नळी टाकीत आधीपासून असेल तर ती तशीच राखा, नसेल तर दोन्हीकडे कॉक बसवून दोन्ही नळ्या टी-जोडाने एकत्र आणा. गाडी साइड स्टँडकडे झुकवून पेट्रोल दुसऱ्या बाजूला ओतून घेण्याचा मार्ग सगळ्यांना माहीत असतोच, पण रोजच्या गाडीला ते बरं नाही.

फ्लोट नीडल आणि सीट बदलावी लागेल का?

ड्रेनच्या चाचणीत धार पुरेशी आली तर नाही. पंपाच्या कार्ब्युरेटरमध्ये सीटचं भोक मुद्दाम लहान ठेवलेलं असतं, म्हणजे दाबाने नीडल उचलली जाऊ नये. मिकुनीच्या व्हीएम कार्ब्युरेटरमध्ये पंपासाठी दीड मिलिमीटरच्या आसपासची सीट वापरतात आणि थेट टाकीसाठी दोनपासून तीनच्या पुढेपर्यंतची. तुमच्या कार्ब्युरेटरला मोठी सीट मिळत असेल तर बसवा. ड्रिलने भोक मोठं करण्याचा मोह मात्र टाळा. सीटचा काठ थोडा जरी बिघडला तरी नीडल बसत नाही आणि गाडी रात्रभर गळत राहते. मोठी सीट बसवल्यावर पुन्हा पंप लावला तर ओव्हरफ्लो होणार, हेही कुठेतरी लिहून ठेवा.

दाब कमी झाल्याने नीडल थोडी लवकर बंद होते आणि चेंबरमधली पातळी किंचित खाली येते. मिश्रण त्या मानाने पातळ होतं. ड्रेनला पारदर्शक नळी लावून ती चेंबरच्या बाजूने उभी धरली की आतली पातळी बाहेर दिसते. ती गाडीच्या मॅन्युअलशी जुळवा.

सगळं नीट आहे, मोजमापही पास आहे, तरी ९० च्या पुढे मिसिंग येतं.

फ्लोट चेंबरला हवा देणाऱ्या बारीक नळ्या कुठे उघडतात ते बघा. या नळ्या लोक सहज उचकटतात किंवा एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरचा डबा) काढताना लोंबकळत सोडतात. ताशी १०० किलोमीटरच्या वेगात समोरून येणारा वारा एखाद्या नळीच्या तोंडावर थेट आदळला तर त्याचा दाब पेट्रोलच्या सहा सेंटीमीटर उंचीइतका भरतो. तुमची एकूण उंचीच १०-१२ सेंटीमीटर असेल तर निम्मी तिथेच खाल्ली गेली. उलट, त्याच नळीच्या तोंडावरून वारा आडवा गेला तर चेंबरमधली हवा ओढली जाते आणि मिश्रण बिघडतं. दोन्ही नळ्या टाकीखाली, निवाऱ्यात, एकसारख्या लांबीच्या ठेवा. पंपाच्या दोन पीएसआयपुढे हे किरकोळ होतं, आता नाही.

पंपाच्या वायरींचं काय?

कापू नका. प्लग सोडवा, त्याच्या तोंडावर रबरी टोपी किंवा उष्णतेने आवळणारी नळी चढवा आणि फ्रेमला बांधून टाका. त्या प्लगमध्ये चावी चालू असताना १२ व्होल्ट येऊ शकतात आणि तो नेमका टाकीखाली असतो. उघडी वायर आणि पेट्रोलची वाफ एकत्र नको. रिले जागेवरच राहू द्या.

व्हिरागोसारख्या गाडीत रिझर्व्ह विजेचं असतं. पेट्रोल कमी झालं की पंप थांबतो आणि हँडलवरचा स्विच दाबला की पुन्हा चालू होतो. पंप गेला की हे रिझर्व्हही गेलं. म्हणून आत उभी नळी असलेला, ऑन आणि रिझर्व्ह अशा दोन्ही जागांचा कॉकच बसवा. टाकीचं तोंड आणि दोन बोल्टमधलं अंतर मोजूनच दुकानात जा.

हातकॉक की व्हॅक्युमचा कॉक?

सगळ्यात गंभीर प्रश्न हाच आहे. पंप असताना इंजिन बंद झालं की पेट्रोल ढकलणारं कोणी नसतं. आता टाकी वर आहे आणि नीडल एवढीच अडवणूक. नीडलमध्ये कचऱ्याचा एक कण अडकला तर रात्रभरात पेट्रोल सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये उतरतं. पेट्रोल हवेसारखं दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते साठलेलं असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. ऑइलमध्ये उतरलं तर ऑइल पातळ होऊन बेअरिंग जातात. तळमजल्यावरच्या बंद पार्किंगमध्ये गळलं तर धोका फक्त गाडीचा राहत नाही, वर माणसं झोपलेली असतात.

म्हणून हातकॉक बसवलात तर गाडी लावताना दर वेळी बंद करायचा. दर वेळी म्हणजे चहाला थांबलात तरी. घरात दोघं-तिघं गाडी वापरत असतील तर व्हॅक्युमचा कॉक घ्या, तो इंजिनच्या ओढीने उघडतो आणि इंजिन बंद होताच आपोआप मिटतो. त्याचा दोष असा की आतला पातळ पडदा फाटला तर पेट्रोल व्हॅक्युमच्या नळीतून सरळ इनटेकमध्ये जातं. गाडी अचानक काळा धूर सोडू लागली तर ती नळी काढून वास घ्या. शिवाय व्हॅक्युम कॉकमधून प्रवाह थोडा कमी मिळतो, म्हणून मोजणी तो कॉक बसवून करा. व्हॅक्युम कॉक काढून हातकॉक लावत असाल तर इनटेकवरची मोकळी झालेली तोटी टोपी लावून बंद करायला विसरू नका, नाहीतर तिथून हवा शिरते.

डिपस्टिक काढून ऑइलचा वास घेण्याची सवय लावा. पेट्रोलचा वास आला तर इंजिन सुरू न करता आधी नीडल तपासा.

बुलेटची ईएफआय (फ्युएल इंजेक्शनची) गाडी कार्ब्युरेटरवर आणायची आहे. हेच लागू पडतं का?

ते वेगळं काम आहे. तिथे टाकीतला पंप साधारण अडीच-तीन बार दाब देतो, कार्ब्युरेटरच्या पंपाच्या साधारण १२ ते २० पट. तो पंप कार्ब्युरेटरला कधीही जोडू नका. शिवाय बीएस-४ किंवा बीएस-६ च्या ईएफआय गाडीची उत्सर्जनाची मान्यता इंजेक्शनसकट दिलेली असते.

कायद्याने चालतं का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाहीत. इंधनाची व्यवस्था बदलली आणि पुढे आग लागली तर विमा कंपनी बोट ठेवणार. परदेशातल्यांनी तिथला वार्षिक तपासणीचा नियम बघावा. मी स्वतः कोणाला याबाबत धीर देणार नाही. आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून मगच हात घाला.

मग तुमचं मत काय? करावं का?

वरची टाकी उंच असलेली, एक-दोन सिलिंडरची, शांतपणे चालवायची गाडी असेल आणि सीटखालची टाकी तशीही काढायची असेल तर जरूर करा. चार सिलिंडरची स्पोर्ट्स बाइक असेल तर करू नका, पंप दुरुस्त करा.

आणि पंप खरंच मेलाय का, हे आधी तपासा. या जुन्या गाड्यांच्या बऱ्याच पंपांत आत दोन संपर्कबिंदू असतात, उघडझाप करणारे. तेच जळून काळे पडतात आणि टकटक थांबते. मागचं झाकण उघडून बारीक पॉलिशपेपरने ते घासले की कित्येक पंप पुन्हा सुरू होतात. त्याआधी प्लगवर १२ व्होल्ट येतात का आणि अर्थिंग ठीक आहे का ते मीटरने बघा. पंपाला करंटच येत नसेल तर दोष रिलेचा किंवा वायरचा आहे. कमी दाबाचा नवा पंपही बाजारात मिळतो. तो घेताना दाब जुन्या पंपाएवढाच आहे ना, हे पॅकिंगवर वाचून घ्या.

काढलेला पंप फेकू का?

ठेवा. आतलं पेट्रोल पूर्ण निथळवा, दोन्ही तोट्यांना टोप्या लावा आणि कोरड्या डब्यात ठेवा. मूळ कॉक, ब्रॅकेट आणि काढलेल्या सीट त्याच डब्यात. गाडी विकताना डबा नव्या मालकाला द्या, आणि हातकॉक दर वेळी बंद करायचा आहे हे त्याला तोंडाने सांगा, शिवाय टाकीखाली चिठ्ठीही चिकटवा.